दिजाँची होळी आणि ग्रेच्चोचे गवत

२३ डिसेंबर १९५१ च्या दुपारी फ्रान्समधील दिजाँ या शहरात, तेथील कॅथीड्रलच्या कुंपणाच्या गजांना पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्याला फाशी देण्यात आले आणि मग समोरच्या प्रांगणात त्याला जाहीरपणे जाळण्यात आले. पाहायला शेकडो मुले होती. किंबहुना मुलांनाच मुद्दाम आणले होते. म्हातारा अर्थातच पुतळा होता. त्याचे फ्रेंच नाव पेर नोएल, म्हणजे आपल्या ओळखीचा सांताक्लॉज. शिक्षेला स्थानिक धर्मगुरूंची संमती होती आणि आरोप दोन होते : तो दुसऱ्याची जागा बळकावणारा आहे, आणि तो पाखंडी आहे. ख्रिस्तजन्माच्या सणात ख्रिस्ताच्या जागी येऊन बसलेला हा उपरा आहे. सरकारी शाळांतून बाळ येशूच्या गोठ्याला मज्जाव होतो आणि या म्हाताऱ्याला मात्र दार उघडे असते, अशी तक्रार होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता दिजाँच्या नगरभवनाच्या छपरावर तोच म्हातारा पुन्हा अवतरला. शहराचे महापौर फेलिक्स कीर हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे.

या घटनेवर मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९५२ साली 'ले ताँ मोदेर्न' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यातील एक निरीक्षण मोठे मार्मिक आहे. प्राचीन रोममध्ये हिवाळ्यातील सॅटर्नेलिया या उत्सवात एक नकली राजा निवडला जाई, त्याला काही दिवस मनमानी करू दिली जाई आणि अखेर त्याचा बळी दिला जाई, अशी एक परंपरा सांगितली जाते. सांताला ख्रिस्तेतर ठरवून जाळणाऱ्यांनी नकळत तोच विधी पुरा केला, असे लेव्ही-स्त्रोस यांचे म्हणणे. ज्याला मारायचे त्यालाच त्यांनी त्याचे जुने रूप परत मिळवून दिले.

विनोद बाजूला ठेवला तरी दिजाँच्या त्या धर्मगुरूंचे दुःख खोटे नव्हते. आज डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या मॉलमधून कापसाचा बर्फ पडू लागतो, लाल टोप्या घातलेली विक्रेती मुले-मुली दारात उभी राहतात, आणि हा सण नेमका कोणाच्या जन्माचा, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला हे खुपत असेल तर नवल नाही. गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांविषयी आपण जे बोलतो त्याहून ते फारसे वेगळे नाही. मात्र या तक्रारीत एक गृहीत दडलेले असते, की पूर्वी कधीतरी या सणाचा अर्थ सर्वांना नीट ठाऊक होता आणि बाजाराने तो अलीकडे बिघडवला. इतिहास चाळू लागलो की हे गृहीत डळमळते. तक्रार मात्र डळमळत नाही. ती वाटते त्याहून कितीतरी जुनी आणि अधिक गंभीर निघते.

चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत येशूच्या जन्माची कथाच नाही. मत्तय आणि लूक यांत ती आहे, पण दोघांच्या कथा निराळ्या. गव्हाणी आणि मेंढपाळ लूकचे, तारा आणि पूर्वेकडून आलेले मागी मत्तयाचे. मागी तीन होते असे मत्तय म्हणत नाही. भेटवस्तू तीन होत्या, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून पुढे आणणारेही तीन झाले. गोठ्यातील बैल आणि गाढव दोन्ही कथांत नाहीत; ते यशयाच्या ग्रंथातील एका वचनाच्या आधाराने नंतर आत आले. आणि तारीख तर कोठेच नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा विद्वान धर्मशास्त्री वाढदिवस साजरे करण्यालाच नाके मुरडतो : पवित्र शास्त्रात आपला जन्मदिवस साजरा करणारे कोण, तर फारो आणि हेरोद! २५ डिसेंबर या दिवसाचा रोममधील सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात येतो, आणि त्यातील नोंद ३३६ पर्यंत मागे जाते असे अभ्यासक मानतात. म्हणजे पहिली तीन शतके ख्रिस्ती समाजाने या सणावाचून काढली.

सण सुरू झाला आणि त्यासरशी तक्रारही. इ.स. ३८० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाझियान्झसचा ग्रेगरी ख्रिस्तजन्मावर प्रवचन करतो आणि त्यातच श्रोत्यांना बजावतो, की दारे सजवू नका, नाच मांडू नका, रस्ते शृंगारू नका, जिभेचे चोचले पुरवू नका. जे लोक करत नसतात ते करू नका असे कोणी सांगत नाही. पण माझ्या मते त्याहून वाचनीय आहे तो अमासियाचा बिशप अस्तेरियस. आजच्या तुर्कस्तानातील या गावी इ.स. ४०० च्या १ जानेवारीला त्याने जे प्रवचन केले ते नाताळावर नाही, रोमन नववर्षाच्या सणावर आहे. परंतु आजचा आपला भेटींचा व्यवहार या दोन्ही सणांचा वारसा सांगतो. अस्तेरियस म्हणतो, या दिवशी कोणी प्रेमाने देत नाही, प्रत्येकजण परतफेडीचा हिशेब करून देतो. भेटीची वाट खालून वर जाते. गरीब आपल्या आश्रयदात्याला देतो, तो त्याच्याहून मोठ्याला. शहरात आलेल्या शेतकऱ्याची टिंगल आणि लूट होते. आणि लहान मुले? ती चांदीचा वर्ख लावलेली फळे घेऊन घरोघर जातात, ती देऊन दुप्पट किमतीचे घेऊन येतात, आणि अशा रीतीने त्यांच्या कोवळ्या मनावर हावरेपणाचे पहिले संस्कार होतात. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या सोसायटीच्या आवारात उभा राहून बोलतो आहे असे वाटते.

येथे सांताच्या बाजूनेही एक साक्ष काढली पाहिजे. त्याचा मूळपुरुष मानला जाणारा संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायराही आजच्या तुर्कस्तानातच. त्याच्या अस्थी १०८७ साली इटलीतील बारी येथे नेण्यात आल्या. त्याच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका मराठी वाचकाला परकी वाटू नये. एका कफल्लक बापाला तीन मुली. हुंडा नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून त्यांना देहविक्रयाला लावण्याची पाळी आलेली. निकोलस रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकतो, एकदा नव्हे, तीनदा, आणि आपले नाव कळू नये म्हणून धडपडतो. या कथेतील भेट कोणत्याही परतफेडीच्या पलीकडची आहे. देणारा लपलेला आहे, घेणारा अगतिक आहे, आणि भेट म्हणजे शोभेची वस्तू नसून एका मुलीचे आयुष्य आहे. अस्तेरियसने ज्याचा धिक्कार केला तो व्यवहार आणि निकोलसच्या नावावर जमा झालेली ही कथा, दोन्ही एकाच भूभागातली. सांता नावाच्या पोतडीत पुढे या दोन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या.

आता इंग्लंड. मूळ अर्थाची आठवण करून देण्याचा सर्वांत कडक प्रयत्न बाजाराच्या विरोधकांनी नव्हे, तर बायबलच्या सर्वांत एकनिष्ठ वाचकांनी केला. प्युरिटनांचा युक्तिवाद सरळ होता : शास्त्रात तारीख नाही, साजरे करण्याची आज्ञा नाही, आणि जे साजरे होते ते दारू, जुगार आणि धिंगाणा. सण म्हणून त्याचे जे रूप शिल्लक आहे ते सॅटर्नेलियाचे. १६४४ साली २५ डिसेंबर हा महिन्याच्या नेमलेल्या उपवासाच्या दिवशी आला, तेव्हा पार्लमेंटने उपवासच पाळा असे फर्मावले. जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेन्टेकॉस्ट हे सणच रद्द करण्यात आले. त्या वर्षी कँटरबरीत नाताळच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्याच्या हुकमावरून दंगल झाली. लोकांनी उघडी दुकाने फोडली, महापौरालाही सोडले नाही. दुकाने उघडी ठेवावीत असा धर्मनिष्ठांचा आग्रह आणि ती बंद ठेवावीत म्हणून सामान्यांची दगडफेक, हे दृश्य आजच्या वादाच्या नेमके उलटे आहे. १६६० मध्ये राजेशाही परतली तेव्हा सणही परतला. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठोठावला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला, पण मनातली अढी त्याहून पुष्कळ काळ टिकली. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली आली.

प्युरिटन हटवादी होते हे खरे. पण ते ज्या नाताळाला भीत होते तो आजचा घरगुती नाताळ नव्हता, हेही लक्षात घ्यावे. गावातील गरीब तरुण टोळ्यांनी श्रीमंतांच्या दारात जात, गाणी म्हणत आणि खाणे, पेय, पैसे मागत. न दिल्यास शिव्या आणि कधी दगड. आपल्याकडील शिमग्याची पोस्त आठवावी. नोकर आणि उमेदवार मुले मातीचा गल्ला घेऊन फिरत, वर्षभराच्या गिऱ्हाइकांकडून नाणी गोळा करत आणि मग तो फोडत. 'बॉक्सिंग डे' या नावाशी याच प्रथेचा संबंध जोडतात. म्हणजे भेटीची दिशा मालकाकडून नोकराकडे, वरून खाली, आणि थोडी धाकदपटशाने. वर्षातून एकदा सगळी उतरंड उलटी व्हायची.

ही दिशा बदलली एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि ती कशी बदलली हे स्टीफन निसेनबॉम या अमेरिकन इतिहासकाराने 'द बॅटल फॉर ख्रिसमस' या १९९६ च्या ग्रंथात फार चांगले दाखवले आहे. न्यूयॉर्क झपाट्याने वाढत होते. हिवाळ्यात काम नसलेल्या मजुरांच्या टोळ्यांचा गोंगाट सुखवस्तू घरांना भीतिदायक वाटू लागला होता. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय येथील 'सेंटिनेल' या वृत्तपत्रात संत निकोलसच्या भेटीविषयी एक निनावी कविता छापून आली. आठ रेनडियर, धुराड्यातून उतरणारा गुटगुटीत म्हातारा, लटकवलेले मोजे, हे सारे चित्र तेथून रूढ झाले. कवितेत दारावर येणारा पाहुणा आहे, पण तो मागायला नव्हे, द्यायला आला आहे; आणि तो देतो ते रस्त्यावरच्या गरिबाला नव्हे, घरातल्याच मुलांना. वरून खाली जाणारी भेट तशीच राहिली, फक्त 'खाली' या शब्दाचा अर्थ बदलला. नोकराची जागा आपल्याच लेकराने घेतली, आणि दार लावून घेता आले.

ही कविता पुढे क्लेमंट क्लार्क मूर यांनी स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केली (कर्तृत्वाविषयी वाद आहे, असो). मूर कोण? एपिस्कोपल पंथाच्या धर्मशिक्षण-संस्थेत हिब्रू आणि पौर्वात्य भाषा शिकवणारे प्राध्यापक, हिब्रूच्या शब्दकोशाचे कर्ते. त्या संस्थेला जमीनही त्यांनीच दिली होती. जुन्या कराराच्या भाषेवर आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या नावावरील या कवितेत येशूचा नामोल्लेखही नाही. बाजाराने ख्रिस्ताला हटवले असे म्हणणाऱ्यांनी या प्राध्यापकमहाशयांचा विचार केलेला दिसत नाही. आपल्या व्यवसायातील माणसे किती निरागसपणे मोठी उलथापालथ करून जातात!

बाजार तयारच होता. आणि आमच्यासारख्या पुस्तकवाल्यांना हे कबूल करायला हवे, की नाताळासाठी म्हणून मुद्दाम तयार होऊन विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंत पुस्तके अग्रभागी होती. १८२० च्या दशकात लंडनमध्ये आणि मग फिलाडेल्फियात रेशमी किंवा सोनेरी बांधणीचे, कविता-कथा-चित्रांचे वार्षिक 'गिफ्ट बुक' निघू लागले. आपल्या दिवाळी अंकांचे हे दूरचे, जरा नटवे आप्त म्हणता येतील. १८४३ चा डिसेंबर तर विलक्षणच. १९ तारखेला डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध झाले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिली सहा हजारांची आवृत्ती संपली. किंमत होती पाच शिलिंग, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या दंडाइतकी! कथेतील कारकून बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग आहे. ज्याच्या दारिद्र्याविषयी हे पुस्तक आहे त्याला ते विकत घ्यायला दोन-अडीच दिवसांचा पगार मोजावा लागला असता. त्याच वर्षी हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून पहिले छापील नाताळपत्र करून घेतले, सुमारे हजार प्रती, किंमत एक शिलिंग. मध्यभागी मद्याचे पेले उंचावणारे कुटुंब, दोन बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देण्याची चित्रे. गोठा नाही, तारा नाही, बाळ नाही. मद्यपानाच्या विरोधकांनी पेल्यांवर टीका केली. मला मात्र त्या बाजूच्या दोन चित्रांचे महत्त्व वाटते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू ज्या कृत्यांवरून माणसाचा न्याय होईल म्हणतो त्यांपैकीच ती दोन आहेत. नाव नाही, पण काम आहे. नंतरच्या पत्रांतून हळूहळू हे कामही गळाले आणि उरले ते लाल छातीचे पक्षी आणि बर्फ.

१८५० साली हॅरिएट बीचर स्टो यांनी एका नाताळकथेत एक पात्र उभे केले आहे, जे सणाच्या पंधरवडाभर आधी कोणाला काय द्यायचे या चिंतेने वैतागले आहे. सगळ्यांकडे सगळे आहे, दुकाने ओसंडून वाहताहेत आणि नको असलेल्या वस्तूंवर पैसा उधळला जातो आहे. कथेचा रोख असा, की ज्याच्याकडे काही नाही त्याला दिले तर देण्याची चव परत येते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाताळची सुटी १८७० मध्ये दिली. म्हणजे अधिकृत सुटी मिळण्याच्या वीस वर्षे आधीच लोक भेटवस्तूंना कंटाळले होते!

यापुढचा सारा बाजार सुपरिचित आहे : टॉमस नास्टची चित्रे, १९३१ पासूनच्या कोकाकोलाच्या जाहिराती, १९३९ मध्ये दुकानदारांना खरेदीचे दिवस वाढवून मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंगच एक आठवडा अलीकडे आणणे. त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. रेंगाळावेसे वाटते ते न्यूयॉर्कमधील १९१२ च्या एका चळवळीपाशी. तेव्हा मोठ्या दुकानांतून काम करणाऱ्या मुलींना डिसेंबरात रात्री उशिरापर्यंत राबावे लागे. वर आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून वरिष्ठांना नाताळची भेट द्यावी लागे. न द्यावी तर नोकरीची भीती. या मुलींनी आणि एलिनॉर बेल्माँट, ॲन मॉर्गन यांसारख्या धनिक घरांतील स्त्रियांनी मिळून 'निरुपयोगी भेटी प्रतिबंधक संस्था' काढली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सभासद झाले. नाव ऐकून हसू येते, पण अस्तेरियसच्या प्रवचनाची आठवण ठेवली तर हसू ओसरते. भेट खालून वर जाऊ लागली की ती खंडणी होते, हे अमासियाच्या बिशपाने सांगितले होते. न्यूयॉर्कच्या विक्रेत्या मुलींनी ते प्रवचन न वाचता तेच सांगितले.

हे लिहिताना मला आमची स्टाफरूम आठवते. काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी उत्साहाने तेथे 'सीक्रेट सांता' सुरू झाला. चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याला तीनशे रुपयांची भेट द्यायची. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंना चिठ्ठीत विभागप्रमुखांचे नाव आले. त्यांचे मानधन चार महिने थकलेले होते. त्यांनी भेट आणली, छान कागदात गुंडाळून आणली, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या आठवड्यात मी एम.ए.च्या वर्गाला 'ख्रिस्तपुराण' शिकवत होतो.

'ख्रिस्तपुराणा'चा उल्लेख येथे ओढूनताणून केलेला नाही. नाताळ हा शब्दच आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला आणि त्याचा साधा अर्थ 'जन्माचा' एवढाच. इंग्रजी शब्दात ख्रिस्ताचे नाव आहे, आपल्या शब्दात त्याचा जन्म. गोव्यात १५७९ साली आलेला फादर टॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्लंडचा. मायदेशात कॅथलिक माणसाला आपल्या पद्धतीने धर्म पाळणे अशक्य झाले होते. तो रोममध्ये जेझुइट झाला आणि पुढची चाळीस वर्षे त्याने साष्टी परिसरात काढली. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या त्याच्या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथारंभीचा प्रसंग प्रसिद्ध आहे : एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? या प्रश्नामागे इतिहास उभा आहे. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. नाताळ गोव्यात आला तो केवळ ओवीचे बोट धरून आला नाही, हे विसरून या ग्रंथाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने जे मागितले ते वस्तू नव्हती. त्याने कथा मागितली. आणि स्टीफन्सने ती दिली, स्वर्गाला वैकुंठ म्हणत, ओवीच्या चालीवर, देवळात रविवारी मोठ्याने वाचता येईल अशी. दुसऱ्या पुराणातील ख्रिस्तजन्माचा भाग वाचताना वर्गातील मुले चकित होतात. त्यांना सांता ठाऊक असतो, गव्हाणी ठाऊक नसते. आणि गव्हाणी समोर येते तीही ज्ञानेश्वरीच्या नात्यातल्या छंदात.

एक योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ रद्द केला. १६४९ मध्ये, तो तसा रद्द असतानाच, एका इंग्रजाने मराठीत सांगितलेली ख्रिस्तजन्माची कथा दुसऱ्यांदा छापली गेली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढले, तो भाग निराळा आणि दुःखाचा.

दुसरा योगायोग आमच्या देशावरचा. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे १८३१ पासून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ठाण मांडून बसलेले अमेरिकन मराठी मिशन हे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांच्या वारसदारांनी चालवलेले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटिश. म्हणजे मराठी प्रोटेस्टंट समाजाचे पहिले गुरू अशा मुलखातून आले होते, जेथे धर्मनिष्ठांच्या घरी २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असे. मॅसॅच्युसेट्समध्ये कायदेशीर सुटी झाली तीही १८५६ मध्ये. आणि तरीही ज्या नगर जिल्ह्यात या मिशनने शाळा आणि चर्च उभारली, जेथे पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पदे रचली, तेथील ख्रिस्ती माणूस आज या सणाला जो शब्द वापरतो तो पोर्तुगीज कॅथलिकांचा. सण आणि शब्द पंथांची भांडणे फारशी मनावर घेत नाहीत.

गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे गोडाधोडाचे ताट पाठवण्याची रीत आहे. तिला कोन्सुआद म्हणतात. दोदोल, नेवऱ्या, बेबिंक अशी ताटे ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात. चतुर्थी-दिवाळीला ती तिकडून इकडे येतात. वसईच्या गावांतून डिसेंबरच्या मध्यापासून तरुण मंडळी गवत, माती, बांबू जमवून गोठे उभारू लागतात. यातही हौस आहे, चढाओढ आहे, क्वचित ध्वनिवर्धकही आहे. पण पाहणारा शेवटी उभा राहतो तो एका गव्हाणीसमोर.

हे गोठे उभारण्याची प्रथा ज्याच्या नावाने सांगतात त्या असिसीच्या फ्रान्सिसकडे येऊनच हे लिखाण थांबवतो. १२२३ चा नाताळ. इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी फ्रान्सिसने आपल्या एका मित्राला आगाऊ निरोप धाडला, की बेथलेहेममध्ये त्या बाळाचे जे हाल झाले ते मला डोळ्यांनी पाहायचे आहेत. गव्हाणी मांड, गवत आण, बैल आणि गाढव आणून बांध. मूर्ती नव्हत्या, देखावा नव्हता. खरी जनावरे होती आणि मशाली घेऊन आलेले गावकरी. फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि गरीब राजाच्या जन्मावर प्रवचन केले. त्याचा चरित्रकार चेलानोचा टॉमस सांगतो, की बेथलेहेम हा शब्द तो मेंढरू ओरडावे तसा उच्चारत असे. भेटींविषयीही फ्रान्सिसचे म्हणणे त्याच चरित्रकाराने नोंदवले आहे. त्याला वाटे, की सम्राटाची गाठ पडली तर त्याच्याकडून हुकूम काढून घ्यावा : या दिवशी रस्त्यांवर पाखरांसाठी धान्य टाकावे, श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, आणि बैल-गाढवांना रोजच्याहून जास्त चारा द्यावा.

तो हुकूम कधी निघाला नाही. त्या रात्री गव्हाणीत घातलेले गवत मात्र ग्रेच्चोच्या लोकांनी जपून ठेवले, आणि पुढे गावात जनावर आजारी पडले की त्यातले थोडे ते त्याला चारत असत, असे टॉमसने लिहिले आहे.